घडी घातलेले आकडे

नेकियानं खण उपसून टेबलावर उपडा केला तेव्हा व्हर्डेल भेंडी चिरत होती. खणात बटणं नव्हती की चमचे नव्हते. मॅनिगो घराण्यातल्या गेलेल्या माणसांच्या पुस्तिका होत्या. सेंट ज्यूड बेटावर माणूस गेलं की चर्चमध्ये त्याची पुस्तिका छापतात. वर फोटो, आत जन्मापासूनची हकिकत, मुलानातवंडांची नावं, त्या दिवशी गायची गाणी. त्या कुणी टाकून देत नाही. व्हर्डेलच्या आईनं चाळीस वर्षांच्या जमवल्या होत्या, पुढच्या तीस वर्षांच्या व्हर्डेलनं.

“आत्या, आजोबा कितव्या वर्षी गेले?”

“एकावन्नाव्या. टोमॅटोच्या शेतात. पाटी उचलली आणि पडले.”

“पण कशानं?”

“पडले म्हणजे पडले. तेव्हा कोण विचारत होतं कशानं?”

नेकियानं पुस्तिका उघडली. “इथं लिहिलंय, प्रभूनं हाक मारली आणि ते निघाले. हे लिहू का डॉक्टरीणबाईंच्या कागदावर?”

“लिही की. त्या विचारतील, हाक कुठून ऐकू आली, मेंदूतून का छातीतून.”

नेकिया हसली, पण नुसती ओठांनी. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर पुरुषांचे चौकोन आणि बायकांचे गोल होते. ज्याला झटका आला असेल त्याचा चौकोन काळा करायचा. तिनं आजोबांचा केला. मग एफ्राईमकाकांचा, ते सेहेचाळीसचे असताना कोळंबीच्या बोटीवर जाळं ओढता ओढता गेले. मग रोझेटाआत्याचा गोल. तिची डावी बाजू त्रेपन्नाव्या वर्षी गेली आणि ती सहा वर्षं अंथरुणात होती. शेवटी तिनं आपल्या बापाचा, सीफसचा चौकोन काळा केला. त्याच्याखाली रेघ होती आणि रेघेच्या टोकाला एकच गोल. तो तिचा. त्याच्यावर पेन्सिल टेकवून ती थोडा वेळ बसून राहिली.

“इतकी सगळी,” ती म्हणाली. “आणि पप्पांचं प्रेशर तर चांगलं होतं.”

व्हर्डेलची सुरी थांबली.

सीफसला जाऊन, म्हणजे तो पडून, नऊ दिवस झाले होते. तसा तो जिवंत होता. सत्तावन्न वर्षांचा उंच, दांडगा माणूस. मंगळवारी सकाळी नेकियाला तो पलंग आणि भिंतीच्या मधे सापडला. उजवा हात उजवा राहिला नव्हता, तोंड एका बाजूला ओघळलं होतं. पुलापलीकडच्या इस्पितळात नेलं तेव्हा पहिला प्रश्न आला, शेवटचे धड कधी दिसले होते? काल संध्याकाळी जेवताना. मग डॉक्टर म्हणाले, गाठ विरघळवायचं औषध पहिल्या काही तासांतच देतात, ती वेळ टळून गेली.

दुसऱ्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरीणबाई आल्या. ब्रॅनम नाव, वयानं नेकियाएवढ्याच. त्यांनी मेंदूचा फोटो दाखवला. ताजा डाग एक, पण जुने बारीक बारीक डाग कितीतरी. तांदळात खडे असावेत तसे. त्यांनी विचारलं, “यांचं प्रेशर कसं असायचं? इथं आले तेव्हा खूप होतं, पण झटक्याच्या वेळी ते सगळ्यांचंच चढतं. मला आधीचं हवंय.”

आणि नेकियानं मोठ्या विश्वासानं बापाचा तंबाखूचा पत्र्याचा डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. डब्यात चौदा चिठ्ठ्या होत्या. चौदा महिन्यांच्या, चर्चमधल्या. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे बेचाळीस. एकशे छप्पन्न. प्रत्येक चिठ्ठीखाली निळ्या शाईत व्ही. एम.

“हे कुणी मोजलं?”

“माझ्या आत्यानं. ती चर्चची नर्स आहे.”

डॉक्टरीणबाईंनी आदरानं व्हर्डेलकडे पाहिलं होतं. तो आदर व्हर्डेलला अजून टोचत होता.

*

न्यू बेथसैदा चर्चच्या नर्सा काही शिकून झालेल्या नर्सा नव्हेत. व्हर्डेलनं तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. पण रविवारी पांढरा झगा, पांढरी टोपी, पांढरे हातमोजे घालून ती दाराशी उभी राहिली की रेव्हरंडसुद्धा तिला वाट देत. कुणाला भरून आलं, कुणी भान हरपून कोसळलं, की वारा घालायचा, पाणी द्यायचं, बायकांच्या पायांवर चादर टाकायची. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासनेच्या आधी, मागच्या खोलीत प्रेशर मोजायचं.

आकडा मोठ्यानं सांगायचा नाही, ही तिथली रीत. चिठ्ठीवर लिहायचा, चार घड्या घालायच्या आणि ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. माणूस जाणे आणि देव जाणे. फक्त एक नियम पाच वर्षांपूर्वी आला. एक म्हातारे डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, शाऊटमध्ये पडले आणि उठलेच नाहीत. शाऊट म्हणजे गोल धरून, टाळ्या वाजवत, पाय न उचलता सरकत सरकत केलेलं गाणं. एकानं उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. ते डीकन गेल्यावर रेव्हरंडांच्या बायकोनं, मिसेस गिलियर्डनं, जाहीर केलं की गोलात उभं राहायचं त्यानं आपली चिठ्ठी मला दाखवायची. एकशेसाठच्या वर असेल तर बाकावर बसून गा.

सीफसचं गाणं बाकावर बसून होण्यातलं नव्हतं. वीस वर्षं तोच उचलत होता. बायको गेली, बोटीवरचं काम गेलं, पण रविवारचा तो गोल राहिला होता. मुख्य भूमीवरच्या दवाखान्यानं त्याला एकदा गोळ्या दिल्या होत्या. महिनाभर घेतल्या आणि फेकल्या. म्हणाला, “पाय जड होतात, व्हर्डी. सूर छातीतच बसून राहतो, वर येत नाही.”

चौदा महिन्यांपूर्वी पहिल्यांदाच आकडा आला एकशे बहात्तर. सीफस तिच्याकडे बघत होता. बाही वर केलेली, दंडावर पट्टा, आणि चेहरा सात वर्षांच्या मुलासारखा.

“किती?”

“सांगत नसतात.”

“व्हर्डी. आज चर्चचा वर्धापनदिन आहे. कॅम्डनहून लोक आलेत.”

तिनं एकशे अठ्ठावन्न लिहिलं. आपण खोटं लिहितोय असं तिला त्या घडीला वाटलंही नाही. वाटलं, दोन दिवसांत तितकंच होईल. आईनं शिकवलेलं आंबट पाणी होतं ना. बेटावर सगळ्यांना ठाऊक असतं की डुकराचं, तुपातलं, गोड खाऊन रक्त जाड होतं आणि डोक्याकडे चढतं. आंबट दिलं की पातळ होऊन उतरतं. काकडीच्या लोणच्याची मोठी बरणी व्हर्डेलच्या फ्रिजमध्ये कायम असे. व्हिनेगर, लसूण, बडीशेप आणि कपभर मीठ. त्या दिवसापासून ती त्यातलं पाणी बाटलीत भरून भावाला नेऊन देऊ लागली. सकाळी एक ग्लास, संध्याकाळी एक. “वास मारतो गं,” म्हणून तो नाक धरून प्यायचा. “माझ्याशी लग्न करणारी कुणी उरली नाही आता.”

“आधी तरी कुठं रांग लागली होती?”

पुढच्या महिन्यात एकशे ऐंशी. तिनं एकशे बावन्न लिहिलं. पण चिठ्ठीवर काहीही लिहिलं तरी नर्सांच्या निळ्या वहीत खरा आकडा लिहायचा, हे तिच्या हाताला वळण होतं, आणि तो हात वहीत खोटं लिहायला तयार झाला नाही. म्हणून चौदा महिने चिठ्ठीत एक राहिलं आणि वहीत दुसरं. शेवटच्या रविवारी वहीत होतं दोनशे चार. चिठ्ठीत एकशे अठ्ठेचाळीस. त्या दिवशी सीफस असा गायला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. दोन दिवसांनी तो पलंग आणि भिंतीच्या मधे सापडला.

*

नेकियानं भरलेला कागद घेऊन दोघी पुन्हा इस्पितळात गेल्या. डॉक्टर ब्रॅनम काळ्या चौकोनांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“प्रेशर थोडंच वर असताना असे डाग दिसले आणि घरात इतक्या लवकर इतके झटके आलेले असले की एक गोष्ट तपासावी लागते. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती धड ठेवणारा एक जीन असतो. काही घराण्यांत त्यात दोष असतो. मग त्या नळ्या आतून जाड होत जातात, चोंदतात. चाळिशी-पन्नाशीत झटके येतात. त्याच्या आधी कित्येक वर्षं डोकं दुखतं, डोळ्यांपुढे झगमगाट होतो.”

नेकिया म्हणाली, “माझ्या डोळ्यांपुढं होतो.”

“काय?”

“झगमगाट. महिन्यातून दोनदा. अर्धं डोकं दुखतं. कॉलेजात असल्यापासून.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तसं लाखो लोकांचं दुखतं. आत्ताच घाबरू नका. आधी वडिलांचं रक्त तपासू. त्यांच्यात नसेल तर प्रश्नच मिटला.”

“आणि असेल तर?”

“तर तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. आणि तुमच्यात असेल तर तुमच्या प्रत्येक मुलात निम्मी.”

“औषध?”

“त्या दोषावर नाही. अजून तरी नाही.”

नेकियाचं लग्न नोव्हेंबरात होतं. टेरेन्स नावाचा सुतारकाम करणारा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. त्याला चार मुलं हवी होती. हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटायचा.

 आत्ता सांगावं, व्हर्डेलला वाटलं. आत्ता. तिनं तोंड उघडलं आणि भलतंच विचारलं.

“बाई, आंबट पाण्यानं रक्त उतरतं ना? लोणच्याच्या?”

डॉक्टर हसल्या नाहीत. “त्यात मीठ किती असतं?”

“बरणीला एक कप.”

“मग एका ग्लासात दिवसभरात खावं त्याहून जास्त मीठ झालं. ज्याला प्रेशर आहे त्याला हे देणं म्हणजे आगीवर तेल. कुणाला देत असाल तर आज बंद करा.” मग धीर द्यावा तसं म्हणाल्या, “तुमच्या भावाचा प्रश्न नाही म्हणा. त्यांचं प्रेशर थोडंच वर होतं.”

घरी आल्यावर व्हर्डेलनं फ्रिज उघडला. बरणी तशीच होती, काकड्या तळाशी. तिला ती ओतून टाकता येईना. ओतली तर ओतली का, हे सांगावं लागेल.

आणि तिथंच, फ्रिजचं दार उघडं ठेवून उभी असताना, तिच्या मनात पहिल्यांदा आलं की तो दोष निघाला तर बरं. दोष निघाला तर सगळं घराण्याच्या रक्तातलं. आजोबांचं, एफ्राईमचं, रोझेटाचं. तसं झालं तर सीफस बरणीनं पडला नाही, चिठ्ठ्यांनी पडला नाही. देवानं घडवतानाच तसा घडवला होता.

*

निकालाला सहा आठवडे लागणार होते.

पहिल्या आठवड्यात नेकियानं लग्नाच्या झग्याचं माप द्यायला जायचं टाळलं. दुसऱ्या आठवड्यात टेरेन्स व्हर्डेलच्या पायरीवर येऊन बसला. टोपी गुडघ्यावर, मान खाली.

“मिस व्हर्डेल, तिनं मला अंगठी परत दिली.”

“परत दिली म्हणजे?”

“म्हणते, आत्ता ठेव तुझ्याजवळ. निकाल आला की बघू. मी म्हटलं, निकाल काहीही येऊ दे, मी कुठं जात नाही. तर म्हणते, तू नाही जाणार रे, मीच जाईन. पन्नाशीत मी पलंगात पडून एकच शब्द बोलत राहीन आणि तू आमटी भरवत बसशील.”

सीफसकडे खरोखरच एकच शब्द उरला होता. “बघ.” पाणी हवं असलं तरी बघ, उशी हवी असली तरी बघ, रडू आलं तरी बघ, बघ, बघ. नेकिया रोज शाळेची बस चालवायची पाळी संपवून बापाकडे जायची आणि तो शब्द ऐकत बसायची.

“तुम्ही तिला समजवा,” टेरेन्स म्हणाला. “तुमचं ऐकते ती.”

“बघते,” व्हर्डेल म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कानावर पडून ती चपापली.

पुढच्या रविवारी ती पांढरा झगा घालून दाराशी उभी होती. शाऊटमध्ये सीफसच्या जागी कुणी उभं राहिलं नव्हतं. तेवढी फट ठेवून लोक सरकत होते. रेव्हरंड म्हणाले, ज्याच्या मनात जे आहे ते त्याच्यापुढे मांडा. व्हर्डेलनं डोळे मिटले आणि नेहमीप्रमाणे मांडलं. दोष निघू दे. त्याच्या रक्तात निघू दे. माझ्या हातून झालं नाही असं ठरू दे.

डोळे उघडले तेव्हा समोरच्या बाकावर नेकियाची पाठ होती. मान वाकवून तीही काहीतरी मागत होती. काय मागत होती ते सांगायला कुणी नको. एका छताखाली, सहा हातांच्या अंतरावर, दोघी एकाच देवाकडे उलट गोष्टी मागत होत्या. आणि व्हर्डेलची मागणी खरी झाली तर त्या वाकलेल्या मानेवर काय येणार होतं, ते तिला सगळं ठाऊक होतं. हिची वेणी तिनं घातली होती. पहिला दात पडला तो हिनं तिच्याच हातात आणून दिला होता.

 कुणीतरी भान हरपून कोसळलं, पण त्या दिवशी वारा घालायला सिस्टर व्हर्डेल गेली नाही. ती मागच्या खोलीत गेली, कपाटातून निळी वही काढली आणि पिशवीत घातली.

*

सोमवारी दुपारी शाळेच्या बस तळावर पिवळ्या बस ओळीनं उभ्या होत्या. नेकिया आपल्या बसमध्ये, चालकाच्या जागेवर बसून सँडविच खात होती. व्हर्डेल धापा टाकत पायऱ्या चढली आणि पहिल्या बाकावर, जिथं सगळ्यांत लहान मुलं बसतात तिथं, बसली. गुडघे समोरच्या पत्र्याला टेकले.

“आत्या? चालत आलीस? वेडी का काय तू, या उन्हात?”

“ही वही बघ.”

“काय आहे?”

“तुझ्या बापाचं प्रेशर.”

नेकियानं सँडविच कागदात गुंडाळलं. पानं उलटली. सीफस मॅनिगो, १७२. सीफस मॅनिगो, १८०. १८८. १९६. तिचं बोट प्रत्येक आकड्यावर थांबत होतं.

“हे कसले आकडे? चिठ्ठ्यांत तर…”

“चिठ्ठ्या खोट्या. मी लिहिल्या. त्याला गोलात उभं राहता यावं म्हणून.”

शेजारच्या बसचा चालक टायरला लाथ मारून हवा बघत होता. त्याचा ठक ठक आवाज ऐकू येत होता.

“दोनशे चार,” नेकिया म्हणाली. “दोनशे चार असताना तू त्याला गायला पाठवलंस.”

“हो.”

“आणि ते पाणी?”

“दिवसाला दोन ग्लास. मला वाटलं उतरेल. आईनं बाबांनाही तेच दिलं होतं.”

“डॉक्टरांनी तुझ्या त्या चिठ्ठ्या बघून तपासणी काढली, आत्या! प्रेशर फार नाही म्हणून! दोन आठवडे मी अंगठी काढून बसलेय. रोज सकाळी उठून आधी हात हलवून बघते. आणि तुला माहीत होतं.”

“माहीत होतं.”

“मग बोलली का नाहीस? लाज वाटली म्हणून?”

इथं व्हर्डेलला हो म्हणता आलं असतं. लाज ही माणसं समजून घेतात. ती समोरच्या पत्र्यावर कुणा लहान मुलानं खरडलेल्या रेघा बघत राहिली.

“नुसती लाज नव्हती. मला वाटत होतं, तो दोष निघावा. निघाला तर माझ्यावर येणार नाही. मी तसं मागितलं. देवाजवळ. दोन-तीन रविवार.”

नेकियानं वही मिटली. मग अगदी हळू म्हणाली, “उतर.”

“नेकिया…”

“माझ्या बसमधून खाली उतर.”

व्हर्डेल उतरली. फुफाट्यातून पुलाच्या रस्त्याला लागली. शंभर पावलं गेली असेल नसेल, मागून बस आली, पुढं जाऊन थांबली आणि दार फुस्स करून उघडलं. ती चढली. घरापर्यंत नेकिया समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिली. घर आलं, दार उघडलं, बंद झालं. 

व्हर्डेलनं सरळ फ्रिज उघडला आणि बरणी मोरीत उपडी केली.

*

सीफसला सांगणं बाकी होतं. तो आता व्यायाम करून घेणाऱ्या इस्पितळात होता. व्हर्डेलनं खुर्ची त्याच्या डाव्या अंगाला ओढली, कारण उजवीकडचं त्याच्या लक्षात येत नसे, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो ऐकत होता. ऐकणं शाबूत होतं.

“बघ,” तो शेवटी म्हणाला. मग डाव्या हातानं उशाखालचा तंबाखूचा डबा ओढून तिच्या मांडीवर लोटला. “बघ.”

“रिकामा आहे रे. चिठ्ठ्या डॉक्टरांकडे आहेत.”

“बघ!”

त्यानं नखानं तळाचा कागद खरवडला. तिनं तो उचलला. खाली यंत्रातून निघालेली एक गुळगुळीत चिठ्ठी होती. पुलापलीकडच्या औषधाच्या दुकानात खुर्चीवर बसून हात घालायचं यंत्र असतं, त्यातली. तारीख पाच महिन्यांपूर्वीची. एकशे अठ्ठ्याण्णव.

त्याला माहीत होतं. तिनं एकशे बेचाळीस लिहून दिलं तेव्हा त्यानं ते हसत घेतलं होतं, नाक धरून पाणी प्यायला होता, आणि खरा आकडा कागदाखाली लपवला होता. तिला वाटलं होतं की असं काही कळलं तर ओझं हलकं होईल. झालं नाही. दोघांनी मिळून केलं, इतकंच. तो रडत होता, एकाच डोळ्यानं रडल्यासारखा, आणि ती रुमालानं त्याच्या तोंडाची ओघळलेली कड पुसत राहिली.

*

डॉक्टर ब्रॅनमनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली होती. मग म्हणाल्या, “हृदय थोडं जाड दिसलं होतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी चिठ्ठ्यांवर विसंबले. हे आकडे पहिल्या दिवशी असते तर कदाचित ही तपासणी मी मागवलीच नसती. आता रक्त गेलंय, तर निकालाची वाट बघू.”

निकाल ठरल्यापेक्षा तीन दिवस उशिरा आला. तो दोष नव्हता.

नेकियानं टेबलाची कड घट्ट धरली. व्हर्डेलला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, ठेवला नाही. आता जे काही झालं ते बरणीचं, चिठ्ठीचं आणि तिचं. तिनं ते पदरात घेतलं.

“पण ऐका,” डॉक्टर म्हणाल्या. “घराण्यात काहीच नाही असं समजून जाऊ नका. प्रेशरसुद्धा रक्तातून येतं. एकच मोठा दोष नसतो. बारीक बारीक शेकडो असतात, प्रत्येकाचं चिमूटभर. त्यावर मीठ पडतं, तंबाखू पडतो, साखर पडते, न घेतलेल्या गोळ्या पडतात. ते काळे चौकोन खोटे नाहीत. तुमचं प्रेशर शेवटचं कधी मोजलं?”

नेकियाला आठवेना.

“आज मोजू या?”

“नको,” नेकिया म्हणाली. “मी चर्चमध्ये मोजीन.”

पहिल्या रविवारी व्हर्डेल पांढऱ्या झग्यात नव्हती. तिनं मिसेस गिलियर्डना सगळं सांगितलं होतं, आणि त्यांनी टोपी आणि हातमोजे परत घेतले होते. ती करड्या रंगाच्या साध्या झग्यात मागच्या खोलीतल्या भिंतीशी बसली होती. पट्टा सिस्टर ॲल्मा नावाच्या दुसऱ्या बाईच्या हातात होता. रांग लांब होती. सीफसची गोष्ट बेटभर झाली होती. आपापल्या घरचे खण उपसून बघायला कुणाला चौकोन-गोल लागले नव्हते. जवळजवळ प्रत्येक खणात तेच निघालं होतं.

नेकियाची पाळी आली. ती खुर्चीत बसली नाही.

“माझं आत्या मोजेल.”

सिस्टर ॲल्मानं मिसेस गिलियर्डकडे पाहिलं. त्या दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

व्हर्डेल उठली. तिनं पट्टा बांधला. दंड गरम होता, तरणाताठा, तेहेतीस वर्षांचा. बोटात अंगठी नव्हती. फुगा दाबला, काटा चढला, मग सोडला. तिनं कान लावून ऐकलं. खात्री करायला पुन्हा एकदा फुगवून ऐकलं.

हात सवयीनं चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे गेला.

“चिठ्ठी नको,” नेकिया म्हणाली. “मोठ्यानं सांग.”

“नेकिया, इथं सगळे…”

“मोठ्यानं.”



“एकशे चौपन्न,” व्हर्डेल म्हणाली. “खालचं शहाण्णव.” आवाज फुटला म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. “एकशे चौपन्नावर शहाण्णव. तेहेतिसाव्या वर्षी हे जास्त आहे.”

नेकियानं बाही खाली केली. तिच्या चेहऱ्यावर राग होता तो तसाच होता. “उद्या डॉक्टरकडे जाणार आहे. चार वाजता. गोळ्या देतील.” ती थांबली. “तू येशील तर बसनं ये. चालत येऊ नकोस.”

ती निघून गेली. तिच्या मागचे म्हातारे ब्रदर प्रायोलो खुर्चीत बसून बाही गुंडाळायला लागले होते. पट्टा अजून व्हर्डेलच्याच हातात होता.

“माझाही मोठ्यानं सांग, बाई,” ते म्हणाले. “बायकोला ऐकू जाऊ दे. चिठ्ठी दाखवली की चष्मा नाही म्हणते.”

कुणीतरी हसलं. व्हर्डेलनं निळी वही ओढून घेतली, नेकियाच्या नावापुढं आकडा लिहिला आणि पट्टा म्हाताऱ्याच्या सुकलेल्या दंडाभोवती बांधायला लागली.